झडप बसली, तपासणी सुटली

संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप निकामी झालेले तरुण स्त्री-पुरुष आपल्या गावांत आजही आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे मोठ्या शहरात त्यांची शस्त्रक्रिया होते, धातूची झडप बसते आणि माणूस श्रीपूरला परततो. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल ही गोळी जन्मभर घ्यायची असते. गोळी गावच्या मेडिकलमध्ये मिळते. पण तिची मात्रा बरोबर आहे का, हे सांगणारी आयएनआर ही रक्ततपासणी महिनोन्‌महिने होत नाही. ही हेळसांड जिवावर बेतणारी आहे.

निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. झडपेच्या रुग्णाचा साधारणपणे 2 ते 3 हवा, मायट्रल झडप असेल तर थोडा अधिक. तो घसरला तर गुठळी झडप अडवते किंवा मेंदूत जाऊन लकवा आणते. 5 च्या वर गेला की पोटात, मेंदूत रक्तस्रावाची भीती. आणि गोळी तीच असतानाही हा आकडा बदलतो. जुलाबावरचे मेट्रोनिडॅझोल तो वाढवते, क्षयाचे रिफाम्पिसिन उतरवते. मेथी-पालक एरवी खाणाऱ्याने एकाएकी सोडली तरी फरक पडतो. वॉरफरिन 1948 मध्ये आले तेच मुळी उंदरांचे विष म्हणून. माणसांना ते 1954 पासून मिळू लागले. उसाच्या फडात उंदरांसाठी ठेवतात ते ब्रोमाडिओलोनही याच कुळातले. योग्य मात्रेत वॉरफरिन जीव वाचवते, म्हणूनच मात्रा अंदाजावर सोडता येत नाही.

श्रीपूरच्या पांडुरंग साखर कारखान्याच्या हंगामात तर धोका वाढतो. दिवसभर कोयता चालवलेल्या माणसाला रात्री वेदनाशामक डायक्लोफिनॅक हवेच असते. गुठळी रोखणाऱ्या गोळीबरोबर ते घेतले तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. कमरेत इंजेक्शन घेतले तर स्नायूत रक्त साकळते. ऊसतोड कुटुंब सहा महिने गावाबाहेर, फाइल घरी, आणि 1 मिलिग्रॅमच्या जागी 4 ची पट्टी हातात पडली तर ओळखणार कोण? चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते, दात काढण्याआधी स्वतःच्या मनाने ती बंद करायची नसते, आणि दिवस राहिल्याची शंका येताच बाईने डॉक्टर गाठायचा असतो. हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

तपासणी नको म्हणून नव्या गोळ्यांकडे वळावे, तर धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांपैकी डाबिगॅट्रानची धातूच्या झडपेवरची चाचणी 2012 मध्ये थांबवावी लागली. त्या रुग्णांत गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही.

काळे शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. जिथे रक्त आणि प्लाझ्मा मिळतो ते रुग्णालय गाठावे.

बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारे छोटे यंत्र आज उपलब्ध आहे. पण ते गावात नाही, आणि तपासणीसाठी सोलापूर गाठायचे तर ते इथून सुमारे शंभर किलोमीटर. एका आकड्यासाठी दर महिन्याला मजुरी बुडवून कोण जाईल? शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या शासनाने हे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावे. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीने अशा रुग्णांची यादी करावी, आणि कारखान्याने ऊसतोड टोळ्या उतरतात त्याच आठवड्यात तळावर जाऊन ही गोळी कोण घेतो ते विचारावे.