नववीची यादी लागत नाही

जून आला की पेपरवाल्यांच्या अंगात अकरावी येते. कटऑफ किती चढला, पहिल्या फेरीत किती पोरं बसली, अमुक कॉलेज किती टक्क्यांवर बंद झालं, रकानेच्या रकाने भरतात. २०२५ पासून तर सगळ्या राज्याची अकरावी ऑनलाइन केली. आता गडचिरोलीचा बापसुद्धा मोबाइल हातात धरून ओटीपीची वाट बघतो. पंच्याण्णव टक्केवाल्या पोराला पसंतीचं कॉलेज मिळालं नाही की त्याच्या आईबापाच्या मुलाखती छापून येतात. छापा. पोराच्या शाळेची काळजी करणं हे काही पाप नाही, आणि आम्ही तिची टिंगल करणार नाही.

पण मला एक विचारायचंय. अकरावीला यादी तरी लागते. त्याच्या दोन वर्षं आधी, नववीच्या दारात, आमच्या पोरांना ज्या रांगेत उभं करतात तिथं यादीच नाही. फेरी नाही, कटऑफ नाही, हरकत घ्यायला खिडकी नाही. एप्रिल-मे महिन्यात वस्त्यावस्त्यांतून आईबाप दाखले हातात घेऊन वणवण फिरतात आणि त्याची पेपरात एक ओळ येत नाही. का? कारण या रांगेत संपादकाचं पोरगं नसतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने सुरुवातीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पोरांना फुकट द्यायच्या, त्याचे पैसे सरकारने शाळेला भरायचे. आपल्या राज्यात अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, आर्थिक दुर्बलांना वर्षाला एक लाखाची मर्यादा. सोडत निघते. नंबर लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. पोरगं टाय लावून, पॉलिश केलेले बूट घालून गल्लीतून निघालं की म्हातारी माणसं ओट्यावरून बघत राहतात.

पण त्याच कायद्याच्या पोटात सुरी आहे. कायद्यात ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं. कायद्यातलं शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. आठवीचा निकाल लागला की सरकारचा हात सुटला. नववीला हेच पोरगं त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायचं म्हणालं तर शाळेच्या लेखी ते आता बालक नाही, गिऱ्हाईक आहे. फी टाक, नाहीतर दाखला घे. आणि शाळेने असं केलं तर तिने कायदा मोडला असंही म्हणता येत नाही. कायद्यानंच तिला मोकळं सोडलंय.

हिशेब करा. २०१२ च्या जूनमध्ये या सोडतीतून पहिलीत बसलेलं पोरगं २०२० च्या एप्रिलमध्ये आठवी संपवून बाहेर आलं. नेमकी टाळेबंदी. बापाचा नाका बंद, आईची धुणीभांडी बंद, आणि हातात नववीच्या फीचा कागद. तेव्हापासून दरवर्षी एक तुकडी अशीच दाराबाहेर येते. आठ वर्षं आत बसवून मग बाहेर.

आमच्या मंडळाच्या खोलीत मी गेली काही वर्षं फॉर्म भरून द्यायला बसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, भाडेकरार, सगळं आता पाठ झालंय. मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. चार घरची कामं करून दुपारी दोनला, न जेवता. पोरगी इंग्रजी शाळेत, आठवीला वर्गात तिसरी आलेली. शाळेने चिठ्ठी दिली होती: नववीची फी बासष्ट हजार, पहिला हप्ता महिनाअखेर. बाई मला म्हणाल्या, “दादा, पोरगी नापास झाली असती तर मी समजले असते. पास झालीय ना ती. मग शाळा का सुटते?” मी म्हणालो, “ताई, कायदा आठवीपर्यंतचाच आहे.” त्या म्हणाल्या, “मग आठ वर्षं आधी का नाय सांगितलं?”

या प्रश्नाला कुठल्या शिक्षणमंत्र्याकडे उत्तर आहे?

या बाईपुढे रस्ते कुठले होते ते मोजू. पालिकेची शाळा? जवळची आठवीपर्यंत. माध्यमिकची आहे ती लांब, दोन बस बदलून. अनुदानित शाळा? तिथं फी नाही, पण माध्यम मराठी. आठ वर्षं ज्या पोरीने इतिहास-भूगोल-विज्ञान इंग्रजीत घोकलं, तिने दहावीच्या उंबऱ्यावर भाषा बदलायची? सेमी इंग्रजीची एक तुकडी होती, ती भरलेली. शाळेचा क्लार्क म्हणाला नगरसेवकाची चिठ्ठी आणा. आणि हे काहीच जमलं नाही तर गल्लीतला क्लासवाला सांगतो, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी द्या, पोरगी घरी राहील, तुम्हाला हातभार लागेल. खेड्यात तर याहून वाईट. जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवी-आठवीला संपते. पुढचं हायस्कूल संस्थेचं, संस्था पुढाऱ्याची, आणि मध्ये एसटीचा किंवा पायी रस्ता. त्या रस्त्यावरून वयात आलेल्या पोरीला एकटीला पाठवायला आईचं मन धजत नाही. गाव कसलं आहे ते तिला माहीत आहे.

पांढरपेशा बापाची काळजी ‘कुठली शाळा’ ही असते. आमच्या आईची काळजी ‘शाळा की काम’ ही असते. दोघांनाही रात्री झोप येत नाही, पण म्हणून ही काळजी एकच आहे असं कुणी म्हणू नये.

शाळा की काम, हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. चौदा हा आकडा कुठून आला ते बघा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत तरी शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. पुढे घटना समितीत २३ नोव्हेंबर १९४८ ला या कलमावर चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, हे कलम फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवा. बाबासाहेब उठले आणि नाही म्हणाले. त्यांचा मुद्दा साधा होता: चौदा वर्षांखालच्या पोराला कामाला लावायला आपण घटनेनं बंदी घालतोय, मग कामावर नसलेलं पोर त्या वयापर्यंत शाळेतच असलं पाहिजे.

नीट समजून घ्या. बाबासाहेबांनी शाळेचं वय कामाच्या वयाला बांधलं. पोर कारखान्याच्या तावडीत सापडू नये म्हणून शाळा. चौदा हा त्या काळच्या कामगार कायद्याचा आकडा होता. तो शिक्षणाचा शेवट आहे असं त्या माणसानं कधी म्हटलं नाही. ज्यानं स्वतः परदेशातून पदव्या आणल्या, ज्यानं १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, तो आमच्या पोरांना आठवीला थांबवील?

पण राज्यकर्त्यांनी आकडा तेवढा उचलला. घटनेनं दहा वर्षांची मुदत दिली होती, ती १९६० लाच संपली. २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती करून शिक्षण मूलभूत हक्क केलं, तेव्हाही वय सहा ते चौदाच. २०१६ ला बालमजुरीचा कायदा बदलला: चौदाच्या आत बंदी, चौदा ते अठराला धोक्याची कामं सोडून बाकी कामाला मोकळीक, आणि चौदाच्या आतल्या पोरालाही शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायला परवानगी. घरचा धंदा म्हणजे कुणाच्या घरचा, कुठला धंदा, हे आम्हाला विचारा. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाची भाषा आहे, २०३० पर्यंत सगळ्यांना माध्यमिक शिक्षण अशी घोषणा आहे. पण कायद्याचं वय एका दिवसानंही सरकलेलं नाही.

बारावरून चौदावर यायला सहासष्ट वर्षं लागली. चौदावर थांबून पंचाहत्तरच्या वर झाली. ज्या वयाला शाळेचं दार लागतं, बरोबर त्याच वयाला कामाचं दार उघडतं. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. आम्ही याला व्यवस्था म्हणतो.

जून १८५६ मध्ये एका महार मुलानं धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं काय केलं? न्याय तुझ्या बाजूला आहे असं कबूल केलं आणि प्रवेश दिला नाही. एका पोराला घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील, ही भीती. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सगळ्या वर्गांना खुल्या असल्याचं बजावलं, तरी गावोगावच्या ओसरीबाहेर आमचे बापजादे बसलेच. धारवाडच्या पोराला दारात अडवलं. आज दारात कुणी अडवत नाही. आज आत घेतात, आठ वर्षं प्रार्थना म्हणायला लावतात, गॅदरिंगला नाचवतात, आणि चौदाव्या वर्षी पाटीवर फीचा आकडा लिहून दाखवतात. जातीचं नाव घ्यायची गरजच उरत नाही. पावतीवर जात छापलेली नसते.

शाळावाल्यांचं म्हणणंही ऐकू. ते म्हणतात सरकार आमची थकबाकी देत नाही. खरं आहे, सरकार थकवतं. पोरामागे वर्षाला १७,६७० रुपये दर ठरवला आणि तोही वेळेवर पोचवला नाही. पण तुमचं आणि सरकारचं भांडण आमच्या पोरांच्या पाठीवर का? सरकारनं तरी काय केलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. म्हणजे थकबाकी द्यायला नको म्हणून पोरंच नकोत! लोक कोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. पहिलीचं दार असं लढून उघडं ठेवावं लागलं. मग नववीचं दार विनंती अर्जानं उघडेल असं कुणाला वाटतं?

दुसरे शहाणे म्हणतात, तुम्हाला खासगी शाळेचा हव्यास कशाला, सरकारी शाळेत घाला. बरोबर. आम्हाला सरकारी शाळाच हवी आहे. पण दहावीपर्यंतची, चालत जाता येईल अशी, विज्ञानाची प्रयोगशाळा असलेली, गणिताचा मास्तर असलेली. आणि त्यात कलेक्टरचं पोरगंही हवं. कोठारी आयोगानं १९६६ सालीच समान शाळा, शेजारशाळा हे सांगून ठेवलंय. ते फडताळात टाकून वर आम्हाला हव्यास शिकवता? केंद्राची नववी-दहावीची शिष्यवृत्ती आहे, २०१२ पासून. तिच्यात वह्या-पुस्तकं निघतात. फी निघत नाही.

आणि आता थोडं आपल्यातल्यांविषयी. सवलतीवर शिकून साहेब झालेले आमचेच काही भाऊ आज टॉवरमध्ये राहतात. चौदा एप्रिलला पांढरा शर्ट घालून वस्तीत येतात, हार घालतात, ‘शिका’ म्हणून भाषण ठोकतात आणि एसी गाडीत बसून जातात. भाऊ, ‘शिका’ म्हणून सांगायला आता वस्तीत कुणी उरलेलं नाही. या बायका शिकवायला उपाशी राहतात. भाषण नको, एप्रिलमध्ये चार दिवस रजा टाका. शिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयात आमच्याबरोबर बसा. तुम्हाला फायलीची भाषा कळते, ती तिथं वापरा.

मागणी काय? शिक्षण हक्काचं वय अठरा करा, संसदेत करा. पण तोवर राज्याला हात बांधून बसायचं कारण नाही. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, राज्य आपल्या तिजोरीतून नववी-दहावीचा भार उचलू शकतं. पंचवीस टक्क्यांतल्या प्रत्येक पोराला त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकू द्या. ज्या शाळांनी सवलतीत भूखंड घेतलेत त्यांनी तर कुरकुरच करू नये. आणि प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक तालुक्यात आठवी पास किती आणि फुकट नववीच्या जागा किती, हे मार्चमध्ये भिंतीवर लावा. अकरावीला जमतं, नववीला का जमत नाही?

सरकार लावणार नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मित्रांनो, काम आपलं. मार्चमध्ये प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीत घरोघर जायचं. एक वही करायची. आठवीत असलेल्या पोराचं नाव, शाळा, माध्यम, नववीला मागितलेली फी, आणि जवळची फुकट शाळा किती लांब. मागच्या दोन वर्षांत आठवीनंतर जे शाळेत दिसले नाहीत ते आज कुठल्या कामावर आहेत, तेही लिहायचं. नावं वहीतच ठेवा, बाहेर आकडे काढा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वह्या घेऊन शिक्षण उपसंचालकाच्या दारात. आयांना पुढे ठेवा. बोलायचं त्यांनीच.