वेबसाइट दिसते कशी, याआधी ती कुणाच्या नावावर आहे ते बघा

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागातली हजारो बांधकामं पाडली. त्यात भंगाराची गोदामं होती, पत्र्याच्या शेडमधले छोटे कारखाने आणि वर्कशॉप होते. आपल्या समाजातल्या अनेकांची रोजीरोटी तिथे होती. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायावर स्वतंत्रपणे बोलायला हवं. इथे तिच्यातून समोर आलेली एकच गोष्ट घेतो. ज्या धंद्याचा एकमेव पत्ता म्हणजे शेडवरची पाटी, त्याची शेड गेली की गिऱ्हाईकही तुटतं. मालकाने दुसरीकडे नव्याने बस्तान बसवलं तरी जुन्या ग्राहकाला ते कळणार कसं? ज्यांच्याकडे मोबाइल नंबर आहे त्यांना कळेल. बाकीच्यांसाठी ते दुकान संपलं.

इंटरनेटवरचा पत्ता बुलडोझरने पडत नाही. तो स्वतःचा असेल तर नव्या जागेची माहिती एका ओळीत बदलता येते. म्हणूनच भोसरी, तळवडे, चाकण पट्ट्यात ‘आमची एक वेबसाइट करून दे’ असं आपल्या शिकलेल्या मुलामुलींना वारंवार सांगितलं जातं. कधी चाचाचं वर्कशॉप असतं, कधी मोहल्ल्यातली अभ्यासिका, कधी मशिदीचा ट्रस्ट किंवा महिलांचा बचत गट. मग पहिला प्रश्न येतो: वर्डप्रेस, ब्लॉगर यांसारखा ब्लॉगिंग प्लॅटफॉर्म घ्यायचा, की विक्स, कॅनव्हा यांसारखा व्हिज्युअल एडिटर, ज्यात चित्रं आणि चौकटी माउसने ओढून हव्या तिथे ठेवता येतात?

बहुतेक जण दुसरा पर्याय निवडतात, कारण एका संध्याकाळी पान तयार होतं आणि दिसायला झकास दिसतं. माझं मत वेगळं आहे. संस्थेने ब्लॉगिंग प्लॅटफॉर्मच घ्यावा. छोट्या दुकानदाराने व्हिज्युअल एडिटरमध्ये एकपानी साइट केली तरी हरकत नाही, पण डोमेन म्हणजे साइटचं नाव त्याच्या स्वतःच्या मालकीचं असलं पाहिजे.

गूगलचंच उदाहरण घ्या. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत दुकानांना फुकट वेबसाइट मिळायची. नावाच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असायचं. मार्च २०२४ मध्ये कंपनीने या सगळ्या साइट बंद केल्या. जूनपर्यंत तिथे येणाऱ्यांना प्रोफाइलकडे वळवलं, नंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर आणि बिलावर तो पत्ता छापलेल्या दुकानदाराला नवं कार्ड छापण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हाही लोकांनी हौसेने बनवलेली असंख्य पानं अशीच गेली. भाड्याची जागा वाईट नसते, पण ती आपली नाही हे भाडेकरूने विसरून चालत नाही.

‘ब्लॉगरही गूगलचंच आहे, तेही उद्या बंद झालं तर?’ हा प्रश्न रास्त आहे. फरक असा की ब्लॉगरमधून सगळ्या लेखांची बॅकअप फाइल उतरवून घेता येते आणि ती वर्डप्रेसमध्ये टाकता येते. वर्डप्रेसमधूनही तसाच सगळा मजकूर बाहेर काढता येतो. विक्सवर बांधलेली अख्खी साइट मात्र उचलून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेता येत नाही. घर बदलताना सामान नेता येतं की नाही, इतका हा मोठा फरक आहे.

याचं कारण रचनेत आहे. ब्लॉगिंग प्लॅटफॉर्मवर मजकूर एका जागी आणि सजावट दुसऱ्या जागी ठेवलेली असते. थीम बदलली की रूप बदलतं, लेख तसेच राहतात. व्हिज्युअल एडिटरमध्ये मजकूर चौकटीत, चौकट पानावर आणि पान त्या कंपनीच्या साच्यात अडकलेलं असतं. हल्ली ही सीमा थोडी पुसट झाली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसनेही ब्लॉकचा एडिटर आणला आणि एलिमेंटरसारखी प्लगइन वर्डप्रेसवरच पान सजवू देतात. तिथेही जपून राहावं. काही जुने पेज बिल्डर बंद केले की लेखभर चौकोनी कंसांतला कोड उरतो आणि तो साफ करताना नाकी नऊ येतात. प्लगइनशिवाय भागत असेल तर भागवावं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. पान सुंदर दिसावं म्हणून आपल्याकडे सगळा मजकूर पोस्टरसारख्या चित्रात टाकायची सवय लागली आहे. शिष्यवृत्तीची माहिती, रक्तदान शिबिराची तारीख, रमजानचं वेळापत्रक, सगळं चित्रात. चित्रातला मजकूर शोधताना सहज सापडत नाही, कॉपी करता येत नाही आणि अंध व्यक्तीचा फोन तो नीट वाचून दाखवू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर पाच वर्षांनीही कुणी ‘शिष्यवृत्ती’ असा शब्द शोधला तर तो सापडू शकतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वेबवर त्याची निरर्थक अक्षरं होतात, त्यामुळे तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

वर्डप्रेसमध्ये दोष नाहीत असं नाही. स्वतः होस्टिंग घेतलं तर अपडेट वेळेवर करावे लागतात. जुनी, दुर्लक्षित प्लगइन हा हॅकरसाठी उघडा दरवाजा असतो. ट्रस्टमध्ये हे बघणारं कुणी नसेल तर वर्डप्रेस डॉट कॉम किंवा ब्लॉगर बरं, कारण तिथे सर्व्हरची काळजी कंपनी घेते. आणि ज्याला दोन सीएनसी मशीन, तीन कामगार आणि दिवसभर धावपळ आहे, तो ब्लॉग लिहिणार नाही. त्याला मशीनची यादी, कामाचे चार फोटो, जीएसटी क्रमांक, नकाशा आणि फोन एवढंच हवं. चाकणच्या कंपनीतला खरेदी अधिकारी हेच बघतो. सरकणारी चित्रं आणि पार्श्वसंगीत त्याच्या उपयोगाचं नाही, उलट मोबाइलवर पान जड होतं. हे एक पान व्हिज्युअल एडिटरमध्ये करा, मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि त्यावर स्वतःचं डोमेन लावा. उद्या ती कंपनी बंद झाली तर तेच नाव दुसऱ्या साइटकडे वळवता येईल.

संस्थांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना सुंदर पानापेक्षा नोंदीची गरज जास्त आहे. कोणत्या वर्षी किती मुलांना मदत झाली, जमा-खर्च काय, महापालिकेला कोणतं निवेदन दिलं, उत्तर काय आलं. ब्लॉगवर हे तारखेसह क्रमाने साठत जातं. आपल्या वस्त्यांबद्दल दुसरेच लिहितात अशी तक्रार आपण करतो. ती खरी आहे. पण आपण स्वतः काय लिहून ठेवलं, असं कुणी विचारलं तर व्हॉट्सअॅप ग्रुपमधले वाहून गेलेले मेसेज दाखवता येत नाहीत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. ज्या परंपरेत लिखित नोंदीला एवढं महत्त्व आहे, तिच्यातल्या संस्थांचा दहा वर्षांचा कारभार कुणाच्या तरी फोनमध्ये असावा हे शोभत नाही.

शेवटचा मुद्दा साइट बनवणाऱ्या तरुणांसाठी. अनेकदा डोमेन बनवणाऱ्याच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घेतलं जातं. पुढे त्याला बेंगळुरूला नोकरी लागते, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि एके दिवशी संस्थेचं नाव दुसऱ्याच कुणाच्या हातात जातं. यात फसवण्याचा हेतू नसतो, पण नुकसान तेच होतं. पासवर्ड ही अमानत आहे. ट्रस्टच्या नावाने ईमेल उघडा, डोमेन ट्रस्टच्या नावावर घ्या, पासवर्ड किमान दोन विश्वस्तांकडे द्या आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये लिहा.

काम हाती घेण्याआधी चार प्रश्न विचारा. डोमेन कुणाच्या नावावर असेल? सगळा मजकूर बाहेर काढता येईल का? मी नसताना हे कोण चालवेल? साध्या फोनवर पान लगेच उघडतं का? या चारांची समाधानकारक उत्तरं जे साधन देईल ते घ्या. रंग आणि फॉन्ट नंतर ठरवता येतात.