दोष प्लास्टिकचा नव्हे, उथळ चराचा



लडाखमध्ये हिवाळ्यात नळ गोठले, पाइप फुटले की ‘प्लास्टिक थंडीत टिकत नाही, लोखंडीच पाइप हवेत’ असे सर्रास म्हटले जाते. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटत नाही. अशाने खरा दोष झाकला जातो.

सगळे प्लास्टिक सारखे नसते. घरोघरी दिसणारा कडक पीव्हीसी पाइप शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागतो. पहारीचा घाव बसला तर तडकतो. काळ्या एचडीपीई, म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिइथिलीनच्या, पाइपचे तसे नाही. पॉलिइथिलीन काचेसारखे ताठर होते ते उणे शंभर अंशांच्याही खाली. लडाखमधल्या द्रासची उणे वीस-तीसची थंडी त्यापासून फार दूर आहे. या पाइपची दाब सोसण्याची क्षमता २० अंश तापमानाला ठरवतात. थंडीत ती घटत नाही, उन्हाळ्यात घटते. पाइपच ४० अंशांपर्यंत तापला तर ती तीन-चतुर्थांशाच्या आसपास येते. म्हणजे या पाइपची खरी काळजी लेहपेक्षा चंद्रपूरला करायला हवी.

मग फुटते काय? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि सर्वांत कच्चा सांधा उडतो. लोखंडी पाइपही असाच फुटतो. एचडीपीई निदान थोडा ताणला तरी जातो.

दोष असतो कामात. जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली पाइप गेला पाहिजे. पण खडक लागला की चर उथळ सोडून दिला जातो. पाइपची टोके वितळवून सांधण्यासाठी हीटर प्लेट २०० अंशांच्या वर तापवावी लागते. उघड्या वाऱ्यात ती भराभर निवते आणि सांधा वरून नीट दिसला तरी आतून कच्चा राहतो. शिवाय एचडीपीई पाइप थंडीत लोखंडाच्या दहापटीहून अधिक आकसतो. दुपारच्या उन्हात ताणून जोडलेली १०० मीटरची उघडी लाइन ४० अंशांनी थंड झाली, तर पाऊण मीटरच्या आसपास आखडू पाहते. हा ओढा शेवटी व्हॉल्व्हवर येतो.

लोखंडाची एक बाजू मान्य करायलाच हवी. गोठलेला लोखंडी पाइप वीजप्रवाह सोडून वितळवता येतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, आणि ज्योत लावली तर पाइपच जातो. म्हणून तर चराच्या खोलीत तडजोड नको.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे लडाखच्या गावांत नळ पोचू लागले. आता निविदेत नुसते ‘प्लास्टिक पाइप’ लिहून भागणार नाही. पाइपची प्रत, त्या गावात जमीन किती खोल गोठते ते मोजून ठरवलेली चराची खोली, लाइन रिकामी करण्याचे व्हॉल्व्ह आणि तंबूच्या आडोशाने सांधेजोडणी या अटी त्यात हव्यात. चर बुजवण्याआधी दाबचाचणी झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये, अशी संबंधित खात्यांना कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त अभियंता, पुणे