समुद्राखालचा गोंगाट आधी मोजायला हवा

कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवर, व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाजवळ हारो नावाची सामुद्रधुनी आहे. व्हँकुव्हर बंदरात ये-जा करणारी मोठी जहाजे तिच्यातून जातात. २०१७पासून दर उन्हाळ्यात इथे जहाजांना वेग कमी करण्याची विनंती केली जाते. सक्ती नाही, तरी बहुतांश जहाजे ती मानतात. हे सारे चालते ते ओर्कांसाठी. डॉल्फिनच्याच कुळातल्या या प्राण्यांचा ‘सदर्न रेसिडेंट’ हा समूह आता ७५च्या आसपास उरला आहे.

जहाजाच्या वेगाचा आणि ओर्काच्या जगण्याचा संबंध आवाजाशी आहे. पाण्यात थोड्याच अंतरापलीकडे दिसेनासे होते, पण आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यामुळे देवमासे आणि डॉल्फिन यांच्यासाठी कान हेच डोळे असतात. ओर्का नाकाच्या मार्गातून ‘टक टक’ असा आवाज सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चिनूक सॅमन हा मासा हेरतो. हा मासा आधीच कमी झाला आहे. त्यात जहाजाच्या गोंगाटात प्रतिध्वनी बुडाला, तर समोरचा घासही हुकतो.

हा गोंगाट प्रामुख्याने जहाजाच्या पंख्यामुळे होतो. पंखा वेगाने फिरला की पात्यांजवळचा दाब इतका घटतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. असे असंख्य बुडबुडे फुटण्याचा आवाज दूरवर पोहोचतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर एका ठिकाणी १९६०च्या दशकातल्या नोंदींशी २००३-०४च्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कमी कंप्रतेचा आवाज १० ते १२ डेसिबलने वाढलेला आढळला. १० डेसिबल वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट.

या गोंगाटाने प्राण्यांवर ताण येतो का, याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेनंतर मिळाले. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाज वाहतूक मंदावली. कॅनडाच्या पूर्वेकडील फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच काळात तिथल्या ‘राइट व्हेल’ देवमाशांच्या विष्ठेतील ताणाशी निगडित संप्रेरकांचे प्रमाणही कमी आढळले. ही तुलना २०१२मध्ये प्रसिद्ध झाली.

पण परिणाम कळण्यासाठी दरवेळी वाहतूक थांबवता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर गणिती प्रारूप तयार करतात. कोणते जहाज, केवढे, किती वेगाने आणि कुठून गेले, हे जहाजांवरील स्वयंचलित ओळख यंत्रणेतून कळते. त्यावरून ते किती आवाज करेल, याचा अंदाज बांधला जातो. मग पाण्याची खोली, तापमान, क्षारता आणि तळ खडकाळ की चिखलाचा, हे पाहून तो आवाज कुठवर पोहोचेल ते काढतात. शेवटी हा नकाशा प्राण्यांच्या वावराच्या नकाशावर ठेवला जातो. पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनच्या नोंदींशी तो पडताळावाही लागतो.

हिशेब वाटतो तितका सरळ नसतो. वेग कमी केला की आवाज घटतो, पण जहाज त्या पट्ट्यात जास्त वेळ राहते. एकूण फायदा होतो की तोटा, हे मोजूनच कळते. हारोमधील २०१७च्या प्रयोगात वेग ११ नॉटपर्यंत आणायला सांगितले होते. इतर घटकांचा प्रभाव वगळल्यावर आवाज सुमारे अडीच डेसिबलने, म्हणजे तीव्रतेत ४० टक्क्यांहून अधिक, घटल्याचे दिसले.

तरीही प्रारूप फक्त चित्र दाखवते. निर्णय माणसेच घेतात. याच सागरी पट्ट्यातून ‘ट्रान्स माउंटन’ तेलवाहिनीच्या विस्तारामुळे महिन्याला पाचऐवजी ३४ टँकर जाण्याचा अंदाज होता. २०१८मध्ये कॅनडाच्या संघीय अपील न्यायालयाने प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. मूळनिवासींशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, हे एक कारण होते. दुसरे असे की, पर्यावरणाच्या मूल्यमापनात सागरी वाहतूक प्रकल्पाचा भाग धरलीच नव्हती. फेरतपासणीत नियामक मंडळाने ओर्कांवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता मान्य केली, पण राष्ट्रहितासाठी प्रकल्पाची शिफारसही केली. २०१९मध्ये अटींसह पुन्हा मंजुरी मिळाली आणि मे २०२४मध्ये ही वाहिनी सुरू झाली. हा निर्णय पटो वा न पटो, त्याची किंमत कोण मोजणार हे निदान कागदावर आले.

आपल्यासाठी हा मुद्दा दूरचा नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. कोकणच्या उथळ किनारी पाण्यात हंपबॅक डॉल्फिन राहतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण त्यांना आहे. बंदर म्हणजे फक्त धक्का आणि भराव नव्हे. तिथवर येणाऱ्या जहाजांची वाटही त्यातच आली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची जहाजांच्या आवाजाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०१४पासून आहेत, २०२३मध्ये ती सुधारली गेली. पण ती ऐच्छिक आहेत. त्यामुळे जबाबदारी स्थानिक यंत्रणांवर येते.

आज या पाण्यात किती आवाज आहे, याची नोंद मोठी जहाजे येण्याआधीच व्हायला हवी. नंतर तुलनेला आधार उरणार नाही. प्लास्टिक किंवा तेलगळतीचे अवशेष वर्षानुवर्षे राहतात. आवाज मात्र पंखा मंदावताच ओसरतो. इतके लवकर आटोक्यात येणारे प्रदूषण दुसरे क्वचितच असेल. आधी ते मोजण्याची तयारी हवी.