सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

प्रो कबड्डीच्या 2018 च्या लिलावात यू मुंबाने फझल अत्राचलीसाठी 1 कोटी रुपये मोजले. या स्पर्धेत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. आणि तो चढाईपटू नाही. डावा कोपरारक्षक आहे, पकडी करणारा.

इराणच्या या खेळाडूला प्रेक्षक प्रेमाने ‘सुलतान’ म्हणतात. 2015 साली यू मुंबाने विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. 2016 मध्ये पाटण्याच्या संघाकडून तो पुन्हा जिंकला. 2018 च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत 27-18 असं हरवून सुवर्णपदक नेलं, तेव्हाही तो इराणकडून खेळत होता. पुढे ऑक्टोबरमध्ये तोच यू मुंबाचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला आणि मुंबईने त्याला डोक्यावर घेतलं. प्रो कबड्डीत पकडींचे 500 गुण मिळवणारा पहिला बचावपटूही तोच.

घाटकोपर, कुर्ला, जोगेश्वरीतल्या आपल्या मुलांनी त्याच्या ताकदीपेक्षा त्याचा सब्र पाहावा, असं मला वाटतं.

चढाई 30 सेकंदांची असते. चढाईपटू पाय पुढे करतो, मागे घेतो, हूल देतो. कोपरारक्षकाने उतावळेपणाने उडी घ्यावी, हीच त्याची इच्छा असते. उडी चुकली की गुण त्याचा आणि बचावपटू बाहेर. उलट बचाव फळी शांत राहिली आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत त्याला गुण मिळवावाच लागतो, नाहीतर तो बाद. आता घाई त्याला असते. कोपरारक्षक इतका वेळ ज्या क्षणाची वाट पाहत होता, तो हाच.

आज आपल्यासमोर रोज हूल दिली जाते. कुणी चिथावणारी पोस्ट टाकतो, कुणी मशिदीसमोर मुद्दाम घोषणा देतो. आपला एखादा विशीतला मुलगा रात्री दोन वाजता रागाच्या भरात उत्तर टाकतो. सकाळी पोलीस ठाण्याच्या बाकावर तो आणि त्याचे अब्बा बसलेले असतात. ज्याने हूल दिली तो कधीच आपल्या अंगणात परतलेला असतो.

‘म्हणजे अन्याय सोसायचा का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण कोपरारक्षक सोसत नसतो, तो वेळ निवडतो. स्क्रीनशॉट जपून ठेवणं, वकिलाला विचारून लेखी तक्रार देणं, मतदार यादीतली वस्तीची नावं तपासणं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाणं, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरून घेणं, या आपल्या पकडी आहेत. त्यांना टाळ्या मिळत नाहीत, पण गुण मिळतात.

पकड एकट्याने होत नाही. कोपरारक्षकाने घोटा धरला की बाकीचे क्षणात धावून यावे लागतात, नाहीतर चढाईपटू त्यालाही ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. तक्रार द्यायला गेलेल्या मुलासोबत मोहल्ल्यातले चार शहाणे लोक जात नसतील, तर त्या मुलाला सब्र शिकवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चढाईपटू नकोत, असं मी म्हणत नाही. नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने 2024 मध्ये पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. अस्लम चढाया करत होता आणि त्याच संघात इराणचा मोहम्मदरेझा शाडलू त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोपरा धरून उभे राहणारे कमी पडतात.

कबड्डीत आणखी एक नियम आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. संख्येने कमी असणाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवावा. फक्त त्यासाठी आधी मैदानात टिकून राहावं लागतं.