नखांवर पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी? रील्समधल्या दाव्यांत तथ्य किती?

हात कॅमेऱ्यासमोर धरायचा, नखावरचा पांढरा ठिपका दाखवायचा आणि सांगायचं, ‘तुमच्या शरीरात कॅल्शियम कमी आहे.’ निसर्गोपचाराच्या नावानं असे रील्स सध्या भरपूर फिरतायत. नख, जीभ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं; प्रत्येकावर एक कमतरता चिकटवलेली असते.

ठिपक्याचं कारण बहुतेक वेळा फारच साधं असतं. नखाच्या मुळाशी बसलेला किरकोळ मार. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ठिपका वर येईपर्यंत दारात बोट चेमटलं होतं हेही आठवत नाही. नखावरच्या उभ्या रेघाही सहसा वयामुळे येतात.

मग सगळंच थोतांड? नाही, आणि गोंधळ इथेच होतो. चमच्यासारखी खोलगट नखं लोहाच्या कमतरतेत दिसतात. जीभ गुळगुळीत, लालसर होणं हे लोह किंवा बी-१२ कमी असल्याचं लक्षण असू शकतं. लहान मुलांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग आले तर डॉक्टर ‘अ’ जीवनसत्त्वाचा विचार करतात. ही लक्षणं वैद्यकीय पुस्तकांतही आहेत.

अडचण अशी की ती उशिरा दिसतात. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की स्त्रियांमध्ये (गर्भवती वगळता) त्याला रक्तक्षय म्हणतात. पण १० किंवा ११ असलेल्या बाईची नखं, पापण्या अगदी ठणठणीत दिसू शकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. हे आकडे रक्त तपासून आले, नखं बघून नव्हे. ‘माझी नखं गुलाबी आहेत, म्हणजे सगळं ठीक’ हा समज त्यामुळे ठिपक्याच्या भीतीपेक्षा जास्त महागात पडतो.

डोळ्यांच्या बुबुळावरून अवयवांचे आजार ओळखण्याची पद्धत मात्र वेगळ्या खात्यात टाकावी लागते. १९७९ मध्ये अमेरिकेत तिची चाचणी झाली. १४३ जणांच्या बुबुळांचे फोटो पाहून त्यातले मूत्रपिंडाचे रुग्ण ओळखायचे होते. बुबुळ-तज्ज्ञांना ते जमलं नाही.

गंमत म्हणजे, उरळीकांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या निसर्गोपचाराचा भर आहार, पाणी, माती आणि उन्हावर होता, गोळ्यांवर नव्हे. आजच्या कितीतरी रील्सचा शेवट मात्र सप्लिमेंटच्या लिंकनं होतो.

त्यात केस आणि नखांसाठी खपणारं बायोटिन असतं. त्याचा जास्त डोस रक्ततपासण्यांचे निकाल बिघडवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये दिला. हृदयविकाराच्या झटक्यात केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणीही त्यात येते. म्हणून तपासणीला जाताना बायोटिन सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आणि लॅबमध्ये आधी सांगायचं.

सततचा थकवा, जिना चढताना लागणारी धाप, पाळीत जास्त रक्तस्राव, हातापायांना मुंग्या; यापैकी काही असेल तर नख कसंही दिसो, सीबीसी करून घ्यायची. मुंग्या येत असतील तर डॉक्टर बी-१२ ची तपासणीही सुचवू शकतात. बी-१२ दीर्घकाळ कमी राहिलं तर नसांना होणारी इजा कायमची ठरू शकते.