चाकाखालची जमीन पाहून

मुलासाठी सायकल घ्यावयाची ठरली की हल्ली दुकानात त्याची नजर नेमकी जाड, खडबडीत टायरांच्या सायकलीवर खिळते. ती दिसते मोठी दणकट. परंतु वाचकहो, पैसे मोजण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : ही सायकल धावणार कोठे?

चेन्नईत राहणाऱ्या कुटुंबाचाच विचार करू. तेथे डांबर, माती आणि वाळू ही तिन्ही थोड्याच अंतरात भेटतात. अंबत्तूरच्या टी. आय. सायकल्समुळे १९४९ पासून हे शहर सायकलींचे माहेरघरही आहे. डोंगर मात्र तेथे नाही. सेंट थॉमस माउंट ही टेकडीही सुमारे ३०० फुटांचीच. डोंगरी सायकल जन्मली ती कॅलिफोर्नियात. १९७० च्या दशकात तेथील तरुण मंडळी फुगीर टायरांच्या जुन्या, जड सायकली माउंट टमालपायसच्या कच्च्या वाटांनी खाली पिटाळीत. टायरवरचे रबरी उंचवटे अशा वाटांसाठी असतात. सुट्या मातीत ते नखांसारखे रुततात. चिखलासाठी ते उंच व विरळ ठेवतात, म्हणजे मध्ये अडकलेला चिखल चाक फिरता फिरता झडून जातो.

डांबरात रुतायला जागाच नाही. तेथे उंचवटे नुसते दबतात व वाकतात, पायांचे बळ वाया जाते आणि वळणावर सायकल डळमळते. ओल्या रस्त्याविषयी तर आपली समजूत बहुधा उलटीच असते. मोटारीच्या टायरला पाणी बाहेर सारण्यासाठी खाचा लागतात. सायकलचे टायर अरुंद आणि वेग बेताचा, त्यामुळे ते पाण्यावर तरंगत नाही. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्या दिवसांत शाळेला जाणाऱ्या मुलाला बारीक नक्षीचे टायरच अधिक भरवशाचे, कारण त्याचे जास्त रबर रस्त्याला टेकते. भिजलेले पांढरे पट्टे व लोखंडी झाकणे यांवर मात्र कोणत्याच टायरचा विश्वास धरू नये. तेथे वळू नकोस, ब्रेक दाबू नकोस, एवढे मुलाला बजावून ठेवावे.

मरीनाची वाळू ही तिसरीच गोष्ट. कोरड्या वाळूत उंचवट्यांना धरायला काही सापडत नाही; चाक उकरते आणि खोल जाते. तेथे हवी रुंदी आणि कमी हवा. वाळूसाठी व बर्फासाठी ४ इंच रुंदीचे टायर निघाले आहेत, त्यांत हवा १० पौंडांच्या आसपास ठेवतात. २ इंची टायरवाल्याने पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू गाठावी, नाही तर सरळ उतरून चालावे.

खरे तर टायर बदलण्याआधी हवाच पाहावी. दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. तिच्या आत राहून डांबरावर हवा जास्त आणि मातीवर कमी ठेवावी. मुलाचे वजन कमी, म्हणून त्याला मोठ्यांइतकी हवा लागत नाही. दुकानातला मनुष्य सवयीने ठासून भरतो. उलट हवा फारच कमी असली, तर दगडावर आदळताच ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. मग खिळा शोधून सापडत नाही!

खडबडीत टायरांची सायकल घरात आधीच आली असेल, तर केवळ टायर बदलून भागते. फक्त २६ या आकड्यावर विसंबू नये. डोंगरी सायकलचे २६ इंची टायर आणि काही साध्या सायकलींचे २६ इंची टायर यांच्या रिमा निरनिराळ्या मापाच्या असतात. पहिल्याचा व्यास ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९०. हा आकडाही टायरवर बारीक अक्षरांत असतो. तो पुसला असेल, तर जुने टायर हातात घेऊनच दुकानात जावे.